वर्षाराणीचा शेवटचा डायलॉग

गंगावती, कर्नाटक
९ फेब्रुवारी २०२५

सरे,

तुले जयभीम, आईले जयभीम, अन बाबाले जरा जोरात जयभीम, कारन त्याईले एका कानानं कमी ऐकू येते.

तुहा फोन फुटला म्हनून बाबा सांगत व्हते. आता बाबाच्या फोनवर बोलाचं म्हनजे त्याईनं स्पीकर लावलाच समज. मी इकून ‘सरी कशी हाये’ म्हनतो, त तिकून सारं घर ‘बरी हाये’ म्हनते, तूच सोडून. म्हटलं कागदच बरा. नववीत शाळा सोडल्यावर एवढं पयल्यांदाच लिहून राह्यलो. रॉड उचलून हात दुखत नाई, पन पेन धरून दुखून राह्यला.

मी बोअरच्या गाडीवरच हाये. पुन्याचं हॉटेल सोडलं, सुरतची मिल सोडली, हेबी सोडलं काय असं बाबा विचारतीन, त सांग, अजुक नाई.

आता मोठी गोष्ट. पंजाबकाकाचा फोन आल्ता. यंदा जयंतीले गावात नाटक बसवाचं म्हनतेत. म्हने, ‘आश्या, तुले गोष्टी जमतेत, तूच लिही.’ मंडळाच्या अध्यक्षानं म्हनलं त मी काय मांगं राह्यतो? लिहून टाकलं. दोन अंक. नाव ‘एक दिवस होच म्हनशील’. हिरो विक्रांत, हिरोईन वर्षाराणी. तो तिच्या मांगं दोन वर्षं लागते, ते नाई म्हनते, तो हासते. सायकलचा सीन पाय फक्त! तिच्या सायकलची हवा सोडते अन सोताच पंप घेऊन उभा राह्यते. लोकं लोटपोट होतीन. शेवटी साऱ्या गावासमोर विचारते, ते मान खाली घालून म्हनते, ‘हो.’ पडदा.

तुले काम सांगतो. माहं अक्षर म्हनजे कोंबडीचे पाय. साफ उतरवून काढ अन ज्याची त्याची नक्कल वेगळी कर. दरसालसारखंच, ज्याले त्याले आपलेच डायलॉग, अन समोरच्याचे शेवटचे दोन शब्द, म्हनजे आपली पाळी कधी ते समजते. पुरी वही फक्त पडद्यामांगं. हिरो पश्या करनार हाये, पंजाबकाकाचा प्रसेनजित. माहाच दोस्त हिरो! हिरोईन गोलूच करीन दरसालसारखी, फक्त त्याले म्हना यंदा पोट आत घे अन मिशी खरंच काढ.

तुहा दादा,
अश्वजित

◆

२० फेब्रुवारी

दादा,

नाटक मिळालं. गमती चांगल्या आहेत. गोलूला त्याची नक्कल दिली तर म्हणाला, ‘किती पानं लाजू मी?’

एक विचारायचं आहे. सायकलचा सीन तुला कुठून सुचला? आणि तो एसटीतला, विक्रांत सीटवर रुमाल टाकून जागा धरतो आणि वर्षाराणी कारंजा स्टँडपर्यंत उभीच राहते, तो? खरं सांग.

आणि शेवट बदल. तिला नाही म्हणू दे. सगळीकडे तेच असतं, मागे लागला, मागे लागला, मिळाली. मला कंटाळा आला त्याचा, दुसरं काही नाही.

फोन दुरुस्तीला टाकला आहे. वेळ लागेल म्हणतात. आयटीआय नीट चालू आहे. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात आम्ही दोघीच मुली, मी आणि रीता. सर आधी आम्हाला वायर धरायला सांगायचे, आता जोडायला सांगतात.

हिरोची नक्कल अजून उतरवली नाही. करते.

सरिता

◆

गंगावती
१ मार्च

सरे,

कंटाळा आला म्हने! नाटक काय तुह्या एकटीसाठी हाये? पब्लिकले होच पाह्यजे. पोट्टी नाई म्हनली त लोकं सतरंजी झटकून घरी जातीन, म्हनतीन दोन घंटे आमी कायले बसलो?

सीन कुठून आले ते सांगतो, पन कोनाले सांगू नको. पश्याचे हायेत. तो मले फोन करत राह्यते. कारंज्याच्या रोडवर त्याची एक पोट्टी हाये. नाव सांगत नाई, म्हनते, ‘आश्या, तुले सरप्राईज देतो.’ हवा त्यानंच सोडली, रुमाल त्यानंच टाकला. मी गाडीच्या सावलीत बसून हासत हासत ऐकतो अन जेवनाच्या सुट्टीत लिहून काढतो. आमच्या गाडीवर बिहारचे पोट्टे हायेत, त्याईलेबी हिंदीत सांगतलं. रोज विचारतेत, ‘लडकी मानी क्या?’

अन मानाचं काय असते ते माह्या धंद्यातूनच सांगतो. तीनशे फुटावर नुसती धूळ आली की वावराचा मालक म्हनते, बस करा. आमचा ऑपरेटर म्हनते, अजुक पन्नास. मंग अजुक पन्नास. अन लागते पानी! जो थांबला तो कोरडा राह्यला. पोट्टीचं मन तसंच समज.

अन तू ‘मला’ ‘तुला’ कधीपासून लिहाले लागली वो? वायरसोबत मराठीबी जोडून देतेत काय तिथी?

शेवट बदलनार नाई. नक्कला लवकर कर.

अश्वजित

◆

९ मार्च

दादा,

ती मुलगी मी आहे.

आता तू हे पत्र खाली ठेवू नको, पूर्ण वाच.

हवा धनज फाट्यावर सोडली होती, मी सायकल लावून बस पकडते तिथे. तुझ्या नाटकात जिथे लोक लोटपोट होणार आहेत, तिथून मी चालत घरी आले. तो पंप घेऊन मागे मागे. ‘घे ना, मी भरून देतो.’ घेतला असता तर त्याने ते माझं हो धरलं असतं. नाही घेतला म्हणून चालावं लागलं. तुझ्या नाटकात ते चालणं कुठेच नाही. वर्षाराणी लाजते आणि पंप घेते.

माझा फोन फुटला नाही. माझा नंबर त्याने रिचार्जच्या दुकानातून काढला. वर्गात, बसमध्ये, जेवताना, रिंग. एक दिवस बाबांनी उचलला, त्याने कापला. कोण होता विचारलं, मी नाव सांगितलं. बाबांनी माझा फोन बंद करून गव्हाच्या कोठीत टाकला. फोन करणारा तो, कोठीत गेला माझा.

तुला वाटेल मी गप्प बसले म्हणून त्याची हिंमत झाली. गप्प नव्हते. फाट्यावर, रीतासमोर, तोंडावर सांगितलं, ‘प्रसेनजित, मला तू नको. माझ्या मागे येऊ नको.’ तो हसला. म्हणाला, ‘म्हणजे विचार करून राह्यली.’ दादा, हा डायलॉग तुझ्या दुसऱ्या अंकात जसाच्या तसा आहे. पुढे कंसात तू लिहिलं आहेस, टाळ्या.

आणि तुझं ते बोअरचं. पाणी लागलं की मालक नाचतो, खरं आहे. खडकाला कोणी विचारतं का?

पुढचं पत्र घरी पाठवू नको. बाबा पाकीट उघडतात. आयटीआयच्या पत्त्यावर रीताच्या नावाने टाक. ती पोहरादेवीकडच्या तांड्यावरची आहे, तिच्या घरचं कोणी कारंज्याला येत नाही.

सरिता

◆

१४ मार्च

सरे,

एक तारखेले पगार होते. त्याच दिवशी गाडीत बसतो. त्याचा नंबर काढला व्हता, पन लावला नाई. तोंडानं बोललो त हाताचा जोर कमी होते.

त्याचे पाय तोडतो. मंग म्हना त्याले, राह्य उभा फाट्यावर. मले फोनवर सांगत व्हता हरामखोर, अन मी हासत व्हतो. माह्याच बहिनीची गोष्ट मलेच सांगून माह्याच हातानं लिहून घेतली.

ते नाटक चुलीत घाल. बाबाले काही सांगू नको, मी येऊन सांगतो.

अश्वजित

◆

२१ मार्च

दादा,

येऊ नको.

तू आलास की गोष्ट तुझी आणि त्याची होते. आश्याने मारलं, पश्याने खाल्लं, पोलीस पाटील आले. गाव म्हणेल, पोरानं प्रेमापायी मार खाल्ला बिचाऱ्यानं. त्याचा मारसुद्धा त्याच्याच खात्यात जमा. त्या सगळ्यात मी काय म्हटलं होतं, हे कोण विचारणार?

इकडचं ऐक. पंजाबकाका घरी येऊन मागणी घालून गेले. बाबा तर भारावले आहेत. ‘दोन वर्षं पोट्टा उन्हातान्हात उभा राह्यला फाट्यावर. एवढा जीव कोन लावते आजकाल?’ मी म्हटलं, बाबा, मी त्याला नाही म्हटलं आहे. तर म्हणतात, ‘आधी पोरी नाईच म्हनतेत.’ आई भाकरी थापत होती. तव्यावरची करपवली.

ठरलं असं आहे. जयंतीला नाटक संपलं की पडदा पुन्हा उघडायचा आणि त्याच स्टेजवर आमचं साक्षगंध जाहीर करायचं. मग आयटीआय बंद. परीक्षा जुलैत आहे, दादा. त्या कागदावर मला वायरमनची नोकरी मिळू शकते, आणि तो कागद चार महिन्यांवर आहे.

अजून पुढे ऐक. प्रसेनजितने हट्ट धरला की वर्षाराणी सरितानेच करावी. गोलूची साडी गेली, तो आता वही घेऊन विंगेत बसणार. सगळ्यांना वाटलं मी रडेन. मी लगेच हो म्हटलं. बाबांना वाटलं पोरगी वळली.

घरात म्हटलेलं नाही कोणाला ऐकू येत नाही. माईकवरचं ऐकू येईल.

म्हणून मला आत्ता भाऊ नको, लेखक पाहिजे. नक्कला सगळ्या मीच काढल्या आहेत. त्याची नक्कल ‘बोल वर्षाराणी, हो की नाही?’ इथे संपते. त्याच्यापुढे फक्त मी आहे. तालमीत मी तुझं जुनं ‘हो’ म्हणते, मान खाली घालून, तू लिहिलं तसं. काल पंजाबकाकांनी डोळे पुसले.

जयंतीच्या दिवशी काय म्हणायचं ते लिहून पाठव. त्याने प्रश्न विचारायचं ठरवलं आहे ना सगळ्यांसमोर? मग उत्तरही सगळ्यांसमोर मिळेल.

सरिता

◆

कुष्टगी रोड
३१ मार्च

सरे,

नाई येत. हात शिवशिवून राह्यले, पन नाई येत.

आधी इकडची एक गोष्ट. परवा एका बाईच्या वावरात गाडी लागली. नवरा नाई, एकटी करते. दोनशे साठवर धूळच धूळ. ते म्हनली, बंद करा. ऑपरेटर म्हने, अम्मा, और पचास. ते म्हनली, नको. तो म्हने, पचास में क्या जाता है, अन मले इशारा केला, रॉड जोड. मी रॉड खाली ठेवला. म्हटलं, अम्मा नाई म्हनते. त्यानं मले काय काय म्हनलं ते बहिनीले लिहता येत नाई. पानी व्हतं का नव्हतं, आता कोनालेच समजनार नाई. वावर तिचं, तिनं ठरवलं. ऑपरेटर मले या गाडीवर ठेवते का नाई ते पाहू. गाड्या लय हायेत.

आता तुहा डायलॉग. पयले मी भाषन लिहिलं. एवढं मोठं. वर्षाराणी म्हनते, मले शिकाचं हाये. मंग माह्याच डोक्यातला विक्रांत म्हनते, शिक ना, मी थांबतो. ते खोडलं. वर्षाराणी म्हनते, आईबापाले विचार. तो म्हनते, विचारलं, ते हो म्हनले. खोडलं. वर्षाराणी म्हनते, तू मले तरास देल्ला. तो म्हनते, माफ कर, आता फुलावानी ठेवतो. तेबी खोडलं. सरे, मी त्याले दोन अंक बोलवलं, मले त्याचं सारं बोलनं पाठ हाये. कारन दिलं की त्याले दरवाजा सापडते. अन तू कारन द्याचंच कायले? कंपनी नोकरी नाई देत तवा कारन देते का कोनाले?

म्हनून सारं खोडून जे राह्यलं ते लिहून पाठवतो. नक्कल म्हन, काही म्हन:

‘नाही. आधीही नाहीच होतं.’

बस. मान खाली नाई घालाची. तो पुन्हा विचारीन, त्याले दुसरं येतच नाई. तू तेच म्हनाचं. जास्तीचा एक शब्द नाई. अन पडदा पडो न पडो, आपल्या पायानं विंगेत जायाचं.

पंजाबकाका माईक बंद करतीन, ध्यानात ठेव.

अन नाटकाचं नाव पोस्टरवर छापलं असंल त राहू दे तेच. लोकाईनं ते वाचूनच यावं.

तुहा लेखक,
अश्वजित

◆

१६ एप्रिल

दादा,

सगळं सांगते, मध्ये थांबू नको.

विहारासमोर मंडप होता. रॅली दुपारी फिरून आली, सगळं गाव निळं झालेलं. मंडपाची लायटिंग आणि माईकची वायर मी आणि रीताने ओढली. मंडळाला फुकट इलेक्ट्रिशियन मिळाले म्हणून पंजाबकाका खुश. माईकचा बोर्ड मी विंगेत आमच्या बाजूला लावून घेतला आणि रीताला त्याच्यासमोर स्टुलावर बसवलं. काकांनी विचारलं, ‘ही पोरगी इथी कायले?’ रीता म्हणाली, ‘लोड पाहायले, काका.’

पहिल्या रांगेत बाबा आणि काका. काकांच्या मांडीवर शाल आणि पेढ्यांचा डबा. आई बायांमध्ये, डावीकडे.

तुझं एक वाक्य मी मोडलं. सायकलच्या सीनमध्ये पंप घेतला नाही. स्टेजवर खरी सायकल होती, माझीच. ती हातात धरली आणि चालायला लागले. स्टेजला फेरी, मग पुन्हा फेरी. तो पंप घेऊन मागे. लोक आधी खूप हसले. मी चालतच राहिले. हळूहळू हसू कमी कमी होत गेलं, आणि एका वेळी फक्त चाकाची कटकट ऐकू येत होती. प्रसेनजित हळूच म्हणाला, ‘घे ना आता, पुढं जाऊ दे.’ ते माईकमध्ये गेलं.

मग शेवटचा सीन. तो गुडघ्यावर बसला. ‘बोल वर्षाराणी, हो की नाही?’

मी समोर बघून म्हटलं, ‘नाही. आधीही नाहीच होतं.’

त्याला वाटलं मी विसरले. आणि गोलू! त्याच्या वहीत जुनंच होतं ना. तो विंगेतून इमानदारीने सांगायला लागला, ‘हो... हो... सरे, हो म्हन!’ तेही माईकमध्ये. सगळं गाव ऐकतंय, गोलू माझ्या वतीने हो म्हणतोय आणि मी नाही म्हणतेय. मागून कोणीतरी ओरडलं, ‘गोल्या, मंग तूच कर लगन!’

प्रसेनजितने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच. पंजाबकाका उठले, ‘माईक बंद करा रे!’ रीताने बोर्डाकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि आवाज थोडा वाढवला.

मग त्याने काय केलं माहीत आहे? त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. त्याने लोकांकडे तोंड केलं, हसला, आणि तो दुसऱ्या अंकातला डायलॉग मारला, ‘म्हणजे विचार करून राह्यली.’ तू जिथे टाळ्या लिहिल्या होत्यास, तिथे तो थांबलासुद्धा, टाळ्यांसाठी.

टाळ्या आल्या नाहीत. बायांमधून आवाज आला. आपली आई. दादा, भागिरथाबाई उभी राहिली होती, पदर खोचून.

‘विचार झाला तिचा,’ आई म्हणाली. ‘नाई म्हनते ना ते? बुढ्याले एका कानानं ऐकू येत नाई, तुले काय झालं बावा?’

बाया हसल्या. पण माझ्यावर नाही. मी सायकल घेतली आणि विंगेत गेले. पडदेवाल्याला काय करावं कळेना, त्याच्या कागदात ‘हो’ नंतर पडदा होता. त्यामुळे पडदा उघडाच, आणि तो एकटा गुडघ्यावर.

साक्षगंध झालं नाही. पेढ्याचा डबा काका परत घेऊन गेले. मंडळाने ठरवलं आहे की पुढच्या वर्षी तुझं नाटक नाही, आणि वायरिंगला माणूस बाहेरून आणणार. दोन जण घरी सांगून गेले की पोरीने गावाची इज्जत घालवली. आई म्हणाली, ‘गावाची व्हती तिच्याजवळ? मंग तिले सांभाळाले द्याचीच नाई.’

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. फोन अजून कोठीतच आहे. काल जेवताना मात्र ताटाकडे बघून विचारलं, ‘जुलैत कोन्त्या तारखेले?’ मी सांगितली. त्यांनी अजून एक भाकरी घेतली.

आणि तो आज सकाळी फाट्यावर होता. मोटारसायकलवर बसून. तुला हे लिहू नये असं वाटलं, पण लिहिते, म्हणजे तुला वाटायला नको की नाटकासारखं सगळं संपलं. मी बसमध्ये चढले. तो चढला नाही. खिडकीपाशी एक मावशी होती, मला ओळखत नव्हती, नाटक बघून गेली असावी. तिने आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, ‘बस माय.’

कारंज्यात उतरल्यावर सायकलचा पंप विकत घेतला. लांब, लोखंडी, जड आहे. कॅरिअरला बांधून ठेवला आहे, येणाऱ्या जाणाऱ्याला दिसेल असा. आता कोणी हवा सोडली तर भरणार मी.

तू नवीन नाटक लिही. हिरोईनला यावेळी चालू दे.

सरिता